बेळगावच्या टिळकवाडीतलं समुपदेशन केंद्र : जिन्याला दम लागतो, तरी जा

पाचपैकी चार तारे. एक कापला तो जिन्यापायी आणि बाकड्यापायी, ते पुढं सांगतो.

शहापुरात माझं साड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. भिशी आमच्याकडं घरोघरी चालते. आमची २० जणांची होती, महिना ५,००० रुपये. १४ हप्ते भरले आणि भिशी चालवणारा माझा आतेभाऊ एका रात्रीत बिऱ्हाडासकट नाहीसा झाला. ७०,००० गेले ते गेलेच, पण त्यानंतर मला कुणाचंच काही खरं वाटेना. गल्ला तीनदा मोजायचा. फॉल-पिकोला दिलेल्या प्रत्येक साडीचा फोटो काढायचा. मेव्हण्याच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी उठलो आणि शटरचं कुलूप ओढून बघायला दुकानावर आलो. त्या रात्री बायको म्हणाली, "काय ओ, उद्या माझी पण झडती घेणार काय?"

आमच्या भागात असल्या उपचाराचं नाव काढलं की पहिला शब्द येतो धारवाड. तिथं मानसिक आजारांचं जुनं सरकारी रुग्णालय आहे, म्हणून 'ह्याला धारवाडला पाठवा' ही चेष्टा लहानपणापासून ऐकलेली, केलेलीसुद्धा. तेव्हा मी स्कूटर दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ लावली आणि तोंडाला मास्क बांधून चालत गेलो.

पहिल्या दिवशी मीच तिथल्या समुपदेशक मॅडमची उलटतपासणी घेतली. शिक्षण काय, नोंदणी कुठली? त्यांनी भिंतीवरची चौकट दाखवली : एम. फिल., भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. वही कुठं ठेवता? उठून कुलपाचं कपाट दाखवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माझी माहिती गुप्त राहण्याचा हक्क मला आहे, पण जिवाला धोका दिसला तर तेवढं बाहेर सांगावं लागतं, हेही न विचारता सांगितलं. गोळ्या त्या देत नाहीत. लागल्या तर मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात.

एवढ्यावर माझं समाधान होतंय होय! दुसऱ्या खेपेला मुद्दाम एक थाप ठोकून दिली : दुकान विकायला काढलंय, घरी माहीत नाही. आता ही बातमी गल्लीत येते का बघू म्हणून तीन आठवडे कान टवकारून बसलो. शहापुरात असली बातमी दोन दिवसांत पान टपरीवर येते. आली नाही. शेवटी लाजत कबूल केलं. मला वाटलं आता बाई चिडणार. त्यांनी वही पुढं ओढली आणि विचारलं, "बातमी फुटेल असं तेव्हा किती टक्के वाटत होतं?" म्हटलं, नव्वद. "आणि आज?" मी गप्प.

तिथून खरं काम सुरू झालं. मनातले विचार असे तपासून बघायच्या ह्या उपचारपद्धतीला सीबीटी म्हणतात. सगळ्यांवर विश्वास टाका, असलं काही त्या बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, परीक्षा घ्या, पण नीट घ्या : आधी अंदाज लिहा, मग करून बघा, आणि निकाल लागला की तो माना. मी आजवर शेवटचं तेवढंच करत नव्हतो.

पहिला गृहपाठ : दुकानातल्या पोराच्या हाती अर्धा तास गल्ला. मी लिहिलं, १०० रुपये तरी कमी भरणार, ७० टक्के खात्री. किल्ली दिली आणि समोरच्या कट्ट्यावर बसून बघत राहिलो. मॅडम म्हणाल्या, हे धरायचं नाही. पुढच्या वेळी कपिलेश्वराला जाऊन आलो. हात जोडले तरी डोळ्यांपुढं गल्लाच. परत येऊन मोजलं तर २० रुपये जास्त! पोराला विचारलं, त्यालाही माहीत नाही. आजपर्यंत तो हिशोब लागलेला नाही. मॅडमना सांगितलं तर त्या पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "जास्त भरले तरी संशय?"

आता तक्रारी. जिना उभा आहे, कठडा एकाच बाजूला. वयस्कर माणसाचं काम नाही. बाहेरचं बाकडं दाराला इतकं लागून की आतलं रडणं ऐकू येतं. गुप्ततेचं एवढं बोलता, मग हे कसं, असं मी तोंडावर विचारलं. आता तिथं एक पंखा घरघरत ठेवलाय, आवाज बुडतो. फॉर्म अजून इंग्रजीतच आहे. बोलणं मात्र मराठीत, कानडीत, हवं त्यात.

५० मिनिटांचे ८०० घेतात. मी १४ वेळा गेलो, म्हणजे भिशीचे हप्ते जेवढे भरले तेवढ्याच खेपा. ज्याला परवडत नाही त्यानं १४४१६ लावावा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून, फुकट, रात्रीसुद्धा. मी एकदा रात्री दोनला लावला होता.

शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी जा. गल्ल्याची एक किल्ली आता पोराकडं असते. दुसरी अजून माझ्या करदोट्याला आहे, आणि ती सोडा असं मॅडमनी काही सांगितलेलं नाही.