ग्रॅनी फ्लॅट बांधताय? ऑकलंडमध्ये आम्हाला कसं गंडवलं ते वाचा

न्यूझीलंडमध्ये १५ जानेवारी २०२६ पासून घरामागच्या मोकळ्या जागेत ७० चौरस मीटरपर्यंतचं छोटं स्वतंत्र घर, म्हणजेच ग्रॅनी फ्लॅट, बिल्डिंग कन्सेंटशिवाय (कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, बांधकाम परवानगीशिवाय) बांधता येतं. कायदा चांगलाच आहे. त्याआधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, ‘पेरेंट बूस्ट’ व्हिसा सुरू झाला. आई-बाबांना पाच वर्षांपर्यंत इथे येता-राहता येणार. या दोन गोष्टी पाठोपाठ आल्यावर इथल्या किती मराठी घरांत हिशेब मांडले गेले असतील! आम्हीही मांडला. आम्हाला गंडवणाऱ्याने तो आमच्याआधीच मांडून ठेवला होता.

गणेशोत्सवात ओळख झालेला माणूस, अशी घरं विकणारी कंपनी चालवणारा. मराठी स्वच्छ, बोलणं अदबीचं. व्हिडिओ कॉलवर बाबांना म्हणाला, “काका, तुमची खोली पूर्वेकडे काढतो, सकाळचं ऊन मिळेल.” बाबा खूश. आमच्याशी बोलताना मात्र त्याचं एकच पालुपद: “कन्सेंट नाही, म्हणजे इन्स्पेक्शन नाही, कागदपत्रांची कटकट नाही.”

कन्सेंट नाही हे खरं. कागद नाहीत हे साफ खोटं. काम सुरू करण्याआधी कौन्सिलकडून पीआयएम, म्हणजे त्या जागेबद्दलची माहिती, घ्यावीच लागते. तुमचं आवार पुराच्या पाण्याच्या वाटेवर आहे का, हे तिथे कळतं, आणि जानेवारी २०२३ चा पूर पाहिलेल्या ऑकलंडकरांना त्याचं महत्त्व सांगायला नको. घर एकमजली हवं, आत माळा चालत नाही, हद्दीपासून किमान दोन मीटर सोडावे लागतात, बिल्डिंग कोड पूर्ण लागू असतो. डिझाइन आणि बांधकाम परवानाधारक माणसांनी करायचं किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हायचं. काम संपल्यावर सगळे दाखले पुन्हा कौन्सिलला द्यायचे. एक अट मोडली की सवलत गेली, आणि मग ते सरळसरळ बेकायदा बांधकाम.

त्याने आमच्याकडून ‘कौन्सिल फी’ घेतली आणि पीआयएम म्हणून एक पीडीएफ पाठवली. लोगो, संदर्भ क्रमांक, सगळं जागच्या जागी. पुढे कौन्सिलला फोन केला तर आमच्या पत्त्यावर अर्जच नव्हता. ज्या बिल्डरचा परवाना क्रमांक त्याने करारावर टाकला होता, तो माणूस सरकारी रजिस्टरवर खरोखर आहे, परवाना चालू आहे. पण त्याला फोन लावला तेव्हा त्याने आम्हाला गंडवणाऱ्याच्या कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं. म्हणून सांगतो, रजिस्टरवर नाव सापडलं एवढ्यावर थांबू नका. त्या माणसाशी बोला.

करारांची गंमत वेगळीच. ३०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या घरकामासाठी इथे लेखी करार सक्तीचा आहे, आणि आपल्या कंपनीची, विम्याची, हमीची माहिती देणारं निवेदन ठेकेदाराला आधी द्यावंच लागतं. त्याहून लहान कामाला ते तुम्ही मागितलं तरच. याने कामाचे तुकडे पाडले: पाया वेगळा, भिंती-छपराचा किटसेट (आणून जोडायचे तयार भाग) वेगळा, जोडणी वेगळी. पायाचा आकडा २९,५००. “हप्ते सोपे जातात,” म्हणाला. किटसेटचे पैसे त्याने “कंटेनर जहाजात चढतोय” असं सांगून आगाऊ घेतले. कंटेनर आला नाही. नंतर फोनही लागेना.

पायाचं काँक्रीट मात्र ओतलं गेलं, आणि तेच आता सगळ्यात महाग पडतंय. नव्या बिल्डरने टेप लावली: कुंपणापासून १.२ मीटर. नकाशात नातवंडांना खेळायला म्हणून माळाही काढलेला होता. नेहमीचा कन्सेंट असता, तर नकाशा कौन्सिलच्या माणसाने आधी तपासला असता आणि काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर येऊन उभा राहिला असता. सवलतीत ही दोन्ही माणसं गेली. त्यांच्या जागी मालकाने स्वतः उभं राहायचं, असं कायदा धरून चालतो. विकणारा हे कशाला सांगेल? आता काँक्रीट फोडा, नाहीतर ओतलेल्या कामासाठी कौन्सिलकडे ‘सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स’ (झालेल्या कामाला मान्यता) मागा आणि उरलेल्या कामाला पूर्ण कन्सेंट घ्या, असे दोन रस्ते आहेत. दोन्ही खिशाला चाट लावणारे.

कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे बुडाली आणि गुंडाळायला निघाली. आम्ही विनातारण घेणेकरी, म्हणजे रांगेत अगदी मागे. कंपनी गुंडाळणाऱ्या लिक्विडेटरच्या पत्राची भाषा इतकी सभ्य आहे की पैसे मिळणार नाहीत हे दुसऱ्यांदा वाचल्यावर कळतं. पोलिसांत तक्रार दिली आहे, परवान्यांच्या गैरवापराबद्दल मंत्रालयाकडेही.

कंपन्यांचं सरकारी रजिस्टर फुकट बघता येतं. पण कंपनीचं नाव टाकून फारसं काही हाती लागत नाही. डायरेक्टरच्या नावाने शोधा. याच्या नावाने शोधल्यावर आधीची एक बुडवलेली कंपनी निघाली, तीही घरंच विकणारी. आणि आमची कंपनी बुडाल्यानंतर नोंदवलेली एक नवी. तिच्या जाहिरातीत आमच्याच घराचा नकाशा आहे, माळ्यासकट.