फक्त 'गो' शिकवणारा स्पोकन इंग्लिश कोर्स, घ्यावा का?

रील्समध्ये सारखी जाहिरात येते ना तो कोर्स, अख्खा कोर्स एकाच क्रियापदावर, गो. नाव देत नाही कारण पुढे तक्रारीपण आहेत. वहिनी एका क्लिनिकच्या रिसेप्शनला बसते, तिच्यासाठी घेतला पण शेजारी बसून मीच जास्त बघितला. मालवणी माणसाला "टुडे वी लर्न गो" ऐकून आधी हसूच येतं, आमच्याकडे गो म्हणजे आजी हाक मारते ते, पण ते असो.

चांगलं आधी सांगतो. सर मराठी वाक्यावरून सुरुवात करतात, व्याकरणाचा तक्ता फळ्यावर टाकत नाहीत. गो टू होम का चुकीचं? तर आपण घराला जातो म्हणतो का, घरी जातो म्हणतो, तिथे ला नको तसा इकडे टू नको, गो होम. तिथे जा, गो देअर, तेच. मार्केट, ऑफिस, स्कूल आलं की मग टू लावायचा. पोहायला जातो म्हणजे गो स्विमिंग, खरेदीला जातो म्हणजे गो शॉपिंग, मधे फॉर घुसवायचा नाही, आणि फॉर पाहिजेच असेल तर गो फॉर अ स्विम, गो फॉर अ वॉक. आपल्याकडे निम्मं ऑफिस गो फॉर शॉपिंग म्हणतं त्यामुळे हे ऐकून जरा धक्का बसतो.

सगळ्यात भारी लेसन गॉन आणि बीनचा. डॉक्टर पुण्याला गेलेत, म्हणजे अजून तिकडेच आहेत, हॅज गॉन टू पुणे. डॉक्टर पुण्याला जाऊन आलेत, हॅज बीन टू पुणे. शाळेत हे परफेक्ट टेन्स म्हणून डोक्यावरून गेलं होतं, इथे "जाऊन आले" एवढ्या दोन शब्दांत सुटलं, आणि वहिनीला फोनवर दिवसभर हेच तर बोलावं लागतं. दुसरं म्हणजे निघताना आपण "येतो हं" म्हणतो, जातो म्हणणं बरं दिसत नाही, त्याचं आय विल कम केलं की समोरचा विचारणार कधी येणार, तर तिथे सरळ आय हॅव टू गो किंवा आय शुड गेट गोइंग म्हणायचं. हे मराठी माणसालाच सुचू शकतं, इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही.

आता तक्रारी. गोचं वेंट का होतं याला उत्तर काय तर "पाठ करा". अहो सांगायला काय जातं, वेंट हे मुळात वेंड नावाच्या जुन्या क्रियापदाचं, सेंडचं सेंट तसं वेंडचं वेंट, ते गोला येऊन चिकटलं. आणि आपलं तरी काय वेगळं आहे, जाचं "जाला" कुठे होतं, गेला होतं! एवढं बोलले असते तरी पोरांना गंमत वाटली असती.

शेवटचा भाग म्हणजे गो ऑन, गो ऑफ, गो थ्रू, गो ओव्हरची लांबच लांब पीडीएफ, अर्थ समोर लिहिलेला आणि विषय संपला. गो ऑफ एकटंच बघा, लाईट गोज ऑफ म्हणजे लाईट गेली, पण अलार्म गोज ऑफ म्हणजे अलार्म वाजायला लागला, आणि मिल्क हॅज गॉन ऑफ म्हणजे दूध नासलं, तेही ब्रिटिश लोक म्हणतात, अमेरिकेत गॉन बॅड. एकाच ओळीत हे तिन्ही अर्थ कॉमा देऊन टाकलेत, कोण लक्षात ठेवणार? सरावाची वाक्यं तर अजून फालतू, जॉन गोज टू द कंट्रीसाइड. जॉन कोण, आम्हाला बँकेत, डेपोत, लग्नाला जायचंय.

माइकवर बोलून सराव करायचा त्यात वेंट म्हटलं की ॲप व्हेंट ऐकतं आणि लाल फुली मारतं, आपला व एकच, ओठ गोल करून डब्ल्यू म्हणायचा हे आधी शिकवायला नको का. डाउट विचारला तर "थँक यू फॉर युवर इंटरेस्ट" असा ऑटोमॅटिक रिप्लाय येतो, मग कोणी फिरकत नाही.

पाचपैकी तीन स्टार, तेही गॉन-बीनमुळे. दहावी-बारावीच्या पोरांना आणि काउंटरवर बसणाऱ्यांना सुरुवातीचे लेसन उपयोगी पडतील, ज्यांचं इंग्रजी बरं आहे त्यांनी नादी लागू नका. आणि ऑफर संपायचा तो टायमर दाखवतात ना त्याला घाबरून पैसे भरू नका, टायमर शून्यावर गेला तरी दुसऱ्या दिवशी किंमत तीच असते.