बासचा हलका स्पिनिंग सेट सीना-भीमेवर कसा चालतो

गळाने मासे धरायचा साडेसहा फुटी, दोन तुकड्यांचा मिडियम-लाइट (मध्यम-हलका) रॉड आणि २५०० आकाराचं रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चरखी. ऑनलाइन हा सेट ‘बास कॉम्बो’ म्हणून दोन हजारांच्या आतबाहेर मिळतो. तो बेतलेला आहे टेनेसीसारख्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खडकाळ नद्या-ओढ्यांसाठी. तिथला स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा भर धारेत ताकद घालवत नाही, खडकाच्या आडोशाला दबा धरतो. त्याच्या तोंडापुढे ३ ते १० ग्रॅमचं आमिष नेमकं पडावं म्हणून रॉडचा शेंडा लवचिक आणि बुंधा ताठ असतो. बंधाऱ्याखालच्या वाहत्या पाण्यासाठी सोलापूरकरांनी तो खुशाल घ्यावा. मरळीसाठी मात्र नको.

डबा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे रीलवरची दोरी काढून टाकणं. ती जाड, ताठ मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची असते. तिची वेटोळी स्पूलवरून (रीलच्या रिळावरून) उड्या मारतात आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला गुंता ठरलेला. त्याजागी १० पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी घाला, पण त्याआधी तळाला पंधरा-वीस मीटर मोनोचे वेढे द्या. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली तर मासा ओढताना सगळा गठ्ठाच फिरतो आणि लोक ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) खराब म्हणून रील परत पाठवतात. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून २ मिलिमीटर मोकळं ठेवा.

रॉडच्या कड्या तपासायला कापसाचा बोळा पुरतो. प्रत्येक कडीतून तो फिरवा. तंतू अडकला की आतल्या सिरॅमिकला चीर आहे असं समजा, अशी कडी ब्रेड कापते. स्वस्त सेटमध्ये शेंड्याची कडी सगळ्यात आधी जाते.

ड्रॅग अंदाजाने आवळू नये. दोरीला सामानाचा वजनकाटा बांधून ओढा, सव्वा किलोच्या आसपास दोरी सुटायला हवी. दोरी सुटत असताना हँडल फिरवत राहिलात तर दोरीला पीळ बसतो. बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, तीही हातानेच बंद करा.

वडकबाळ किंवा तिऱ्ह्याकडे सीना वाहती असते तेव्हा, आणि भीमेवरच्या औजच्या बंधाऱ्याखाली, या सेटची खरी किंमत कळते. पाणी खडकावर फुटून जिथे शांत आणि वाहत्या पाण्याची शिवण दिसते, तिच्या वरच्या अंगाला ५ ते ७ ग्रॅमचा जिग (डोक्याला वजन असलेला गळ) टाका आणि तो धारेसोबत तळाशी घसरू द्या. शिंगटा मासा संध्याकाळच्या सुमाराला इथेच लागतो. आपल्याकडचा काळा खडक ब्रेडला कानशीसारखा घासतो, म्हणून पुढे दोन फूट १५ पौंडी फ्लुरोकार्बन, म्हणजे घासणं सोसणारी दोरी, हवीच. लूरचे (नकली आमिषाचे) तिहेरी गळ काढून एकेरी लावा, अडकणं निम्म्यावर येतं. शिंगट्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा मात्र सांभाळा. गळ काढायला पक्कड आणि ओलं फडकं जवळ ठेवा.

चिलापीला लूर दाखवून वेळ घालवू नका. बारीक गळ, गांडुळाचा तुकडा आणि छोटा फ्लोट पुरे. हलक्या शेंड्यावर चिलापीचा झटका छान कळतो.

मरळीच्या बाबतीत अडचण वजनाची नाही. अडचण जलपर्णीची. मरळ हवा घ्यायला वर येते, बेडूक गिळते आणि थेट मुळांत शिरते. तिला त्या क्षणी उचलून बाहेर खेचायला ७ फुटी मिडियम-हेवी रॉड आणि ३०-४० पौंडी ब्रेड लागते. हा रॉड तिथे धनुष्यासारखा वाकतो आणि गळ तिच्या कठीण जबड्यात रुततच नाही. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर दिसला तर तिथे गळ टाकूच नये. खाली राखण करणारी मरळ असते, ती काढली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

तलाव-धरणांवर मासेमारीचे ठेके असतात, आधी काठावर विचारा. उजनीतून पाणी सोडल्याची खबर असेल तर बंधाऱ्याखाली उतरू नका.

मे महिन्यात हा सेट गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. रबरी आमिषं वितळून डब्याला चिकटतात आणि कड्यांचा गोंद सुटतो. रॉडचे तुकडे जोडताना आतल्या टोकाला मेणबत्ती घासली की सांधा घट्ट बसतो आणि फेकताना वरचा तुकडा फिरत नाही.