हेवी लायसन्स काढून सात-आठ महिने झाले, टेस्टमधलं रिव्हर्स खरंच किती कामाला येतंय

आधी पिकअप चालवायचो, आता चाकण-भिवंडी लाइनला ३२ फुटी मल्टीॲक्सल, म्हणजे तीन ॲक्सलचा बंद बॉडीचा ट्रक आहे हातात, त्यामुळे ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकलेलं आणि आरटीओच्या टेस्टला करून दाखवलेलं यातलं रोज काय लागतं ते आता सांगता येईल. हेवी काढायच्या विचारात असलेल्यांसाठी लिहितोय, जरा लांबलंय.

रस्त्यावरच्या भागाबद्दल काही तक्रार नाही. हवेचं प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, घाटात उतरताना गिअर आधीच खाली घ्यायचा, चढावर गाडी मागे न सोडता उचलायची, हे सगळं नीट शिकवलं आणि रोज लागतं. स्कूलचा ट्रक जुनाट होता पण त्याने काही बिघडलं नाही, उलट आता नवीन गाडीचा क्लच एकदम हलका वाटतो.

रिव्हर्सचं मात्र अवघडच आहे. टेस्टला गाडी कोणती, तर दोन ॲक्सलचा रिकामा ट्रक, तोही उघड्या बॉडीचा. मोकळं ग्राउंड, चुन्याच्या रेषा, प्लास्टिकचे उभे कोन, लख्ख ऊन. उजवीकडे कट मारून मागे घ्यायची, सरळ करायची, थांबायचं, झालं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यातल्या नियम १५ मध्ये टेस्टला काय काय बघायचं याची यादी आहे, त्यात अपुऱ्या जागेत उजवीकडे किंवा डावीकडे रिव्हर्स घेणं आहे, म्हणजे एक बाजू जमली तरी भागतं. आता उजवी आपलीच बाजू, खिडकीतून डोकं काढलं की मागचं चाक दिसतं. डावीकडे घ्यायची तर सगळा भरवसा डाव्या आरशावर आणि तो दाखवतो बॉडीच्या कडेची एक पट्टी, त्यात शेपूट डावीकडे चाललं की तोंड उजवीकडे बाहेर फेकलं जातं, म्हणजे लक्ष दोन्हीकडे पाहिजे. हे मला स्कूलमध्ये कुणी करायला लावलं नाही आणि टेस्टला कुणी विचारलं नाही.

आणि डॉक, म्हणजे गोडाऊनचा माल चढवायचा-उतरवायचा धक्का? भिवंडीच्या गोडाऊनला गाडी लावायची म्हणजे आधी खाली उतरून मागचे दोन्ही दरवाजे उघडायचे, पूर्ण फिरवून बॉडीला हुक लावायचा, कारण एकदा डॉकला टेकल्यावर दरवाजे उघडतच नाहीत. दरवाजे कडेला चिकटले की गाडी दोन्ही बाजूंनी अजून थोडी रुंद होते आणि शेजारच्या डॉकवर आधीच दोन गाड्या उभ्या, मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. काही ठिकाणी डॉकपुढे उतार असतो, तिथे मागची चाकं खाली गेली की बॉडीचा वरचा भाग मागे झुकतो आणि खाली डॉकच्या कडेला लावलेल्या रबराला गाडी टेकायच्या आधी वरचा कोपरा शेडच्या पत्र्याला लागतो. आरशात तो कोपरा दिसत नाही. कॅमेऱ्यातही नाही, तो खाली बघतो, आणि पावसाळ्यात तर चिखलच बघतो. पाठीमागे लोडर 'आने दो, आने दो' करत असतो, तो उभा कुठे आहे ते विचारू नका.

त्यात गाडी भरलेली. तीन ॲक्सलच्या गाडीचं मालासकट वजन २८.५ टनांपर्यंत चालतं, आमच्यात साधारण १४-१५ टन माल असतो. रिकामी गाडी पाय ठेवला की थांबते, भरलेली उतारावर तशी थांबत नाही, हाफ क्लचवर इंच-इंच सोडावी लागते.

युरोपात हे नियमातच घातलंय. २००६ च्या त्यांच्या लायसन्स डायरेक्टिव्हमध्ये ट्रकच्या टेस्टची गाडी किमान ८ मीटर लांब, बंद बॉडीची आणि बॉडी निदान केबिनएवढी रुंद-उंच पाहिजे, म्हणजे आरशातूनच बघावं लागतं, प्रत्यक्ष वजन किमान १० टन. ट्रेलरसाठी १४ मीटर आणि १५ टन. वळणावर रिव्हर्स आहेच, वर माल चढवायच्या धक्क्याला गाडी नीट लावून दाखवायची. पण लगेच तिकडचं सगळं भारी म्हणू नका, ब्रिटनमध्ये ड्रायव्हर कमी पडले तेव्हा नोव्हेंबर २०२१ पासून रिव्हर्स मेन टेस्टमधून काढून बाहेरच्या नोंदणीकृत लोकांकडे दिलं.

आपल्याकडेही जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरचा नियम आहे, हेवीसाठी ६ आठवड्यांत ३८ तासांचा कोर्स, पास झालं की आरटीओची टेस्ट माफ, आणि अशा सेंटरला २ एकर जागा लागते. मग त्या २ एकरात कंबरेएवढी एक भिंत बांधून तिला रबर लावायला आणि ट्रकमध्ये वाळूच्या गोण्या भरायला किती खर्च येणार?

कोन काढून टाका असं माझं म्हणणं नाही. आरशावर विश्वास ठेवायची सवय कोनांमुळेच लागली. राग एकाच गोष्टीचा आहे, टेस्टला एका दमात गेली पाहिजे, मधे थांबून पुढे घेतली की इन्स्पेक्टरचं तोंड वाकडं. कामावर पहिल्याच आठवड्यात उस्ताद म्हणाला, "शंका आली की हँडब्रेक ओढ, उतर, मागे जाऊन बघून ये, आणि परत पुढे घ्यायची लाज वाटू देऊ नको." टेस्टला खाली उतरून बघणाऱ्याला मार्क कापायच्या ऐवजी जास्त दिले पाहिजेत.

काही जण म्हणतील इतकं खरं केलं तर कोण पास होणार, आधीच ड्रायव्हर मिळत नाहीत. मिळत नाहीत हे खरंय, पण मग ते शिक्षण डॉकवर दुसऱ्याच्या गाडीवर आणि दुसऱ्याच्या पत्र्यावर होतं आणि नुकसानीचे पैसे पगारातून कापले जातात, आमच्या लाइनला हे सर्रास चालतं.

रेटिंग द्यायचं तर रस्त्याच्या ट्रेनिंगला ५ पैकी ४, रिव्हर्सला दीड. स्कूल निवडताना फी विचारायच्या आधी विचारा की भरलेली गाडी देता का आणि डावीकडून रिव्हर्स शिकवता का. नाही म्हणाले तर कोर्स करा, पण नंतर ओळखीच्या उस्तादासोबत रविवारी एखाद्या रिकाम्या यार्डात जाऊन डावी बाजू पक्की करा, डिझेलचे पैसे तुम्ही द्या.