‘मावशी, फांद्या छाटून देतो’ म्हणत येणाऱ्यांपासून सावध राहा

उन्हाळा लागला की सोलापूरकडच्या गावांतून पिकअप घेऊन फिरणारे लाकूडवाले दिसायला लागतात. गाडीत कटर मशीन, दोरखंड, चार-पाच गडी. दारात मोठं झाड आणि ओट्यावर म्हातारं माणूस एकटं दिसलं की गाडी थांबलीच. ज्यांचे आईवडील गावाकडं असतात आणि स्वतः नोकरीला बाहेर असतात, त्यांनी हे नीट वाचावं. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या घरी माझ्या आईला या लोकांनी फसवलं. त्यांची पद्धत इतकी ठरीव आहे, की हे एकाच घरी झालं असेल असं मला वाटत नाही.

आमच्या परड्यात लिंब (कडुलिंब) आहे, चिंच होती, बांधावर बाभळी. लिंबाची एक फांदी पत्र्यावर आलेली. "मावशी, वळवाचं वारं सुटलं तर ही फांदी पत्र्यासकट खाली येतीय बघा. आम्ही फुकटात उतरवून देतो." सुरुवात अशी मदतीची. मग हळूच बाभळीचा विषय. टनाला साडेतीन हजार, काट्यावर वजन, बारीक फाटी तुमच्या चुलीला. लगेच हजार रुपये इसार आईच्या हातावर ठेवला. आपल्याकडं इसार घेतला की शब्द दिला असं माणूस धरतो. त्याच सचोटीचा त्यांनी फायदा घेतला.

बाभळी तोडून झाल्यावर चिंचेकडं बोट गेलं. "आतून पोखरलीय, घरावर पडंल." आईनं साफ नाही म्हणून सांगितलं. दर वर्षी या झाडाची चिंच बार्शीच्या बाजारात जायची आणि तो पैसा तिचा स्वतःचा असायचा. दुसऱ्या दिवशी ती शुगरच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेली आणि परत येईपर्यंत झाड आडवं झालेलं. मी गावी पोचले तेव्हा बुंध्याचा काप तसाच होता. मधला गाभा काळपट तांबडा, हाताला घट्ट. ना भोक, ना कीड, ना भुसा. पोखरलेलं झाड असं नसतं.

जाब विचारल्यावर त्यांनी वनखात्याचा परवाना म्हणून एक झेरॉक्स दाखवली. शिक्का होता, सही होती. पण गट नंबर आमचा नव्हता आणि गावही दुसरंच होतं. हे माहीत असू द्या: १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, फणस, साग, चंदन, मोह ही झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. परवानगी मालकाच्या अर्जावर मिळते, म्हणून उद्या चौकशी झाली तर ती आपल्या दारात येते, गाडीवाला केव्हाच निघून गेलेला असतो. बाभूळ आणि लिंब त्या यादीत नाहीत, म्हणूनच बोलणं नेहमी त्यांच्यापासून सुरू होतं. सोलापूर महापालिकेच्या हद्दीत तर १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे, तिथं झाड कुठलंही असो, परवानगी घ्यावीच लागते.

आता वजनाचं. खरी लूट इथं झाली, आणि ती डोळ्यांसमोर होऊनही दिसत नाही. काटा बरोबर होता, पावत्याही खऱ्या होत्या. पावतीवर रिकाम्या गाडीचं वजन होतं २,२६० किलो. माझ्या चुलतभावानं गाडीचं आरसी बुक मागून बघितलं, त्यावर रिकामं वजन १,७०० च्या आसपास. मधले साडेपाचशे किलो कुठले? रिकामी गाडी काट्यावर चढवताना ताडपत्रीखाली वाळूची ओली पोती आणि पाण्याचा भरलेला ड्रम होता, शिवाय गडी मागं बसलेले. आमच्या दारात आल्यावर ड्रम ओतला आणि पोती कुंपणाला लावून ठेवली. घाईत त्यातली काही मागंच राहिली, म्हणून हे कळलं. भरल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं, त्यामुळं दर खेपेला अर्धा टनाहून जास्त लाकूड फुकट गेलं. वर "ओलं लाकूड आहे" म्हणून आणखी काट. ओलं लाकूड वाळल्यावर हलकं होतं हे खरंच आहे, पण टनाचा दर ओल्या लाकडाचाच ठरला होता.

म्हणून रिकाम्या गाडीच्या वजनाला घरचं माणूस काट्यावर हजर पाहिजे. गडी खाली उतरवायचे, ताडपत्री उचलून बघायची आणि आरसीवरचा आकडा पावतीशी ताडायचा. कुठलं झाड तोडायचं ते कागदावर लिहून घ्या आणि त्याच बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढा, फोटो काढून ठेवा. तारेजवळची फांदी असेल तर अशा लोकांना हात लावू देऊ नका, १९१२ वर महावितरणला कळवा.

लिंबाचंही त्यांनी वाटोळं केलं. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग जरा पुढं सरकून वरून, आणि राहिलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर कडेला धक्का न लावता काढायचा, अशी छाटणीची रीत आहे. त्यांनी एकदम वरून मशीन चालवलं. फांदी मोडून लोंबकळली आणि हातभर लांबीची साल खोडावरून सोलून घेऊन खाली आली. डाळिंबाला लावतात तीच बोर्डो पेस्ट आम्ही त्या जखमेला लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लिंब जगेल असं वाटतंय.

पोलीस ठाण्यात आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडं आम्ही लेखी अर्ज दिलाय. गाडीचा नंबर, काट्याच्या पावत्या, तो खोटा परवाना आणि वाळूच्या पोत्यांचे फोटो जोडलेत. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तुमच्या घरी गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत असा व्यवहार झाला असेल, तर जुन्या पावत्या शोधा आणि रिकाम्या गाडीचं वजन तेवढं बघा.