कॉर्नेल टेकची मास्टर्स: स्टुडिओ अव्वल, एका वर्षाचा हिशेब मात्र आधी मांडा

न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर कॉर्नेल विद्यापीठाचा पदव्युत्तर कॅम्पस आहे, तो कॉर्नेल टेक. कॉम्प्युटर सायन्स आणि उद्योजकता एका छताखाली शिकवायची, याच हेतूने तो उभा राहिला. असा कॅम्पस कोणी उभारायचा यासाठी शहराने घेतलेली स्पर्धा २०११ मध्ये कॉर्नेल आणि इस्रायलच्या टेक्निऑन या तंत्रविद्यापीठाने मिळून जिंकली. पहिली काही वर्षं वर्ग चेल्सीतल्या गूगलच्या इमारतीत भरायचे, २०१७ मध्ये बिऱ्हाड बेटावर आलं. तिथली टाटा इनोव्हेशन सेंटर ही इमारत टीसीएसने दिलेल्या ५ कोटी डॉलरच्या देणगीनंतर त्या नावाने ओळखली जाते. एकाच इमारतीत कंपन्यांची कार्यालयं आणि विद्यार्थ्यांच्या कामाच्या जागा आहेत.

इथे येण्याचं खरं कारण म्हणजे स्टुडिओ. बाकीचे विषय, मशीन लर्निंग, सिक्युरिटी, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स वगैरे, अमेरिकेतल्या कुठल्याही चांगल्या विद्यापीठात मिळतील. स्टुडिओत मात्र एमएंगचे, म्हणजे मास्टर ऑफ इंजिनीअरिंगचे, इंजिनीअर, एमबीएवाले, टेक्निऑन-कॉर्नेलच्या दुहेरी पदवीचे विद्यार्थी आणि कायद्याच्या एलएलएमचे विद्यार्थी मिळून चार-पाच जणांची टीम करतात. पहिल्या सत्रातल्या प्रॉडक्ट स्टुडिओत एखादी कंपनी किंवा संस्था ‘अमुक कसं करता येईल?’ असा मोकळा प्रश्न देते. टीमने तो तपासायचा, लोकांना भेटायचं, चालतं प्रॉडक्ट उभं करायचं. मध्ये मध्ये स्प्रिंट असतात, त्या वेळी फक्त याच कामाला जुंपून घ्यायचं. आणि क्रिट असतात, म्हणजे उद्योगातली अनुभवी माणसं समोर बसून काम फाडून बघतात.

टीमचा घोटाळा होतो तो प्रश्न आवळण्याच्या पायरीवर. समजा प्रश्न असा आला: रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाला औषधं वेळेवर घ्यायला कशी मदत करता येईल? कच्ची टीम तिसऱ्या दिवशी आठवण करून देणाऱ्या ॲपचे स्क्रीन काढायला बसते. क्रिटमध्ये पहिलाच प्रश्न येतो, फोनमधला गजर काय वाईट? मग महिना वाया. मुरलेली टीम आधी ठरवते की कुठला रुग्ण, घरी गेल्यावर कितव्या दिवशी चुकतो, का चुकतो आणि पैसे कोण देणार. औषध विसरलं जातंय, की चिठ्ठीतलं दुसरं औषध दुकानातच मिळालेलं नाही? ही दोन वेगळी प्रॉडक्ट आहेत. ‘तुम्ही असं ॲप वापराल का?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारूच नये. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘मागच्या वेळी डोस चुकला तेव्हा नेमकं काय झालं?’ असं विचारलं की खरी माहिती बाहेर येते.

आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून गेलेली मुलं कोडिंगमध्ये कमी पडत नाहीत. ती अडकतात ते अर्धवट काम दाखवायच्या संकोचात. सगळं नीट झाल्याशिवाय पुढे करायचं नाही ही सवय इथे महागात पडते, कारण क्रिटचा उपयोग कच्च्या कामालाच होतो. दुसरं, टीममध्ये बोलायचं काम एमबीएवाल्याकडे आणि बांधायचं काम आपल्याकडे अशी वाटणी आपोआप होऊन जाते. ती पहिल्याच आठवड्यात मोडा. ग्राहकांच्या निम्म्या मुलाखती इंजिनीअरनेच घ्याव्यात, नाहीतर उद्योजकता शिकायला आलेला माणूस वर्षभर दुसऱ्याचा डेव्हलपर होऊन परत जातो.

दुसऱ्या सत्रात स्टार्टअप स्टुडिओ घेता येतो. तिथे कल्पना तुमची. मे महिन्यात ओपन स्टुडिओ, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन, भरतो आणि दरवर्षी मोजक्या टीमना स्टार्टअप ॲवॉर्ड मिळतं. त्याची किंमत सुमारे १ लाख डॉलर, पैकी ८० हजार रोख भांडवल आणि उरलेली इथल्याच इमारतीतली बसायची जागा. इथून निघालेल्या कंपन्यांपैकी उरू ही ॲडोबीने विकत घेतली. बाळावर लक्ष ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची नॅनिट पण इथलीच म्हणून सांगितली जाते, पण ती मास्टर्समधली नव्हे, पीएचडी झालेल्यांसाठीच्या रनवे कार्यक्रमातली. चौकशी करताना हा फरक लक्षात ठेवा.

आता भारतीय विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट, ती म्हणजे एक वर्ष. एमएंग ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपतं. मध्ये उन्हाळा येतच नाही, म्हणजे इंटर्नशिप नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासाशी निगडित बाहेरच्या कामासाठी लागणारी सीपीटी ही परवानगी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते, आणि इथे वर्ष पूर्ण होताना पदवीच हातात पडते. मोठ्या कंपन्या इंटर्नमधून पक्की भरती करतात, तो रस्ता बंद होतो. पूर्णवेळ नोकरीच्या मुलाखती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू होतात, म्हणजे घर लावायच्या आधी रेझ्युमे तयार हवा. ज्याच्याकडे दोन-तीन वर्षांचा कामाचा अनुभव आहे त्याला हे झेपतं. बीई होऊन थेट येणाऱ्याने टेक्निऑन-कॉर्नेलची दोन वर्षांची दुहेरी पदवी आधी बघावी. खर्च जास्त, पण मधला उन्हाळा मिळतो.

कंपनी काढायची तर व्हिसाचं गणित आणखी नाजूक आहे. अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून काम करणं वेगळं. कंपनी नोंदवून तिच्यासाठी काम करायला मात्र परवानगी लागते, पगार घेतला नाही तरीही. शेअर नावावर असणं आणि काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीत, म्हणजे एफ-१वरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीत, स्वतःच्या, पण विषयाशी संबंधित, कंपनीत काम करता येतं. अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. मेमध्ये सुटणाऱ्याने फेब्रुवारीतच करावा, ॲवॉर्डच्या निकालाची वाट बघत बसू नये. ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही. पुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीची) मुदतवाढ एकट्याच्या कंपनीवर मिळत नाही. कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची पात्रता तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत हवी, आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्याच्या फॉर्मवर सही करणारा आणि तुमच्यावर देखरेख करणारा दुसरा माणूस हवा आणि पगारही त्या कामाला साजेसा हवा. म्हणून सहसंस्थापक निवडताना त्याचा व्हिसा कोणता आहे हे विचारायला लाजू नका. सगळेच एफ-१वर असलेल्या टीमने पहिल्या दिवशी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावं.

एमबीए हवं असेल तर इथला जॉन्सन कॉर्नेल टेक एमबीएही एकाच वर्षाचा आहे. उन्हाळ्यात इथाकाच्या मुख्य कॅम्पसवर सुरुवात होते, मग न्यूयॉर्क. तो अनुभवी माणसांसाठी आहे.

राहण्याबाबत थोडक्यात. कॅम्पसवरची ‘द हाउस’ ही २६ मजली इमारत सोयीची आहे, पण शेजारच्या क्वीन्स भागात घर शेअर केलं तर बरंच वाचतं. तिथल्या जॅक्सन हाइट्सहून बेटावर थेट मेट्रो आहे आणि ७४ व्या स्ट्रीटवर डाळी, पिठं, मसाले सगळं मिळतं. बेटावरून मॅनहॅटनला ट्रॅम जाते. एकाच वर्षाची फी भरायची असली तरी रक्कम मोठीच आहे आणि मास्टर्सला असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी साहाय्यकाचं काम) मिळेल असं गृहीत धरून येऊ नका. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आणि बँकेचं कर्ज दोन्हींची कागदपत्रं प्रवेशपत्र येण्याआधीच जमवायला घ्या.

पीएचडी मनात असेल तर एमएंगला प्रबंध नाही, हे लक्षात घेऊन दुसरीकडे संशोधनाची मास्टर्स शोधा. अनुभव गाठीला असेल, लोकांशी बोलून प्रॉडक्ट घडवायला शिकायचं असेल आणि पदवीनंतर वर्षभर पगाराची नोकरी करत कल्पना बाजूला जपायची तयारी असेल, तर अर्ज जरूर करा. अर्जात मात्र ‘मला स्टार्टअप काढायचं आहे’ एवढंच लिहून भागत नाही. तुम्ही बांधलेली एखादी वस्तू, ती कोणी वापरली आणि वापरताना ती कुठे अडली, हे लिहा.