टिंबर मार्केटमधलं कटिंग आणि २ मीटर ६९ची वाट

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका दुकानात मार्चमध्ये बोर्ड कापून घेतले, त्याचा हा अनुभव. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांचं मशीन उत्तम आहे आणि मशीनवरचा पोरगा टेपला कच्चा आहे. पोरगं शिकेल.

काम होतं सबवूफरच्या, म्हणजे अगदी खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या खोक्याचं, तेही ट्रान्समिशन लाइन पद्धतीच्या. नेहमीचा पोर्टवाला खोका म्हणजे रिकामी पेटी आणि तिला एक नळी. इथे ड्रायव्हरच्या, म्हणजे खोक्यात बसवायच्या गोल स्पीकरच्या, पाठीमागचा आवाज एका लांब बोळातून फिरून बाहेर येतो. बोळाची लांबी आपल्याला हव्या त्या खालच्या सुराच्या लहरीच्या पाव असावी लागते. मला ३२ हर्ट्झ हवे होते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरा, ३२ने भागा, आले पावणेअकरा मीटर. त्याचा चौथा हिस्सा २ मीटर ६९ सेंटीमीटर. एवढी वाट दोनदा दुमडून तीन पदरी केली की खोका बाहेरून ९२ सेंटीमीटर उंच, ४३ खोल आणि साडेसत्तावीस रुंद होतो. आतला बोळ १२ बाय २४चा. ड्रायव्हर आठ इंची.

आराखड्यासाठी हॉर्नरेस्प वापरलं. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मॅकबीन यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दिसायला जुन्या ऑफिसातल्या फॉर्मसारखं, पहिल्या दिवशी डोकं उठतं, पण ड्रायव्हरचा स्वभाव सांगणारे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे खरे भरले तर आलेख फसवत नाही. त्यातूनच कळलं की ड्रायव्हर बोळाच्या बंद टोकाला ठेवायचा नाही. तिथे ठेवला तर ३२च्या तिप्पट, म्हणजे ९६ हर्ट्झवर बोळ स्वतःच बोंब मारतो. बंद टोकापासून एक तृतीयांश अंतरावर त्या सुराचा दाब शून्य असतो, तिथे ड्रायव्हर बसवला की त्याला फूस मिळत नाही. माझा हिशोब ९० सेंटीमीटर सांगत होता, पण तिथे नेमकं वळण. म्हणून समोरच्या फळीवर अगदी खाली, ७७वर बसवला. चालून गेलं. शिवाय मॅग्नेटचा खालचा अर्धा भाग वळणाच्या मोकळ्या जागेसमोर आला, नाहीतर १२ सेंटीमीटरच्या बोळात त्याला पाठ टेकायलासुद्धा जागा नव्हती.

आता कटिंग. बोर्ड १८ मिलिमीटरचा एचडीएचएमआर, म्हणजे ओल सोसणारा घट्ट दाबलेला बोर्ड, घेतला. एमडीएफ स्वस्त पडला असता, पण पुण्याच्या पावसाळ्यात त्याच्या कडा पाव चहात बुडवावा तशा फुगतात, हे मी आधीच्या खोक्यात भोगलंय. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये सगळे भाग बसतात आणि वर तुकडा उरतो. मी कागदावर सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहून दिली. पोराने कागद बघितला, टेप इंचाच्या बाजूने ओढला आणि म्हणाला, "काका, साडेनऊला एक सूत कमी धरतो." म्हटलं, अरे, मिलिमीटरमध्ये काप. तर, "एका सुताने काय होतंय, काका? फेव्हिकॉल पिऊन घेतो."

मी छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. तिथे एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर, आणि तीन मिलिमीटर चूक म्हणजे जॉब भंगारात. तरी गप्प बसलो, कारण मागे टेम्पो हॉर्न वाजवत होता. चूक माझी.

घरी आणून कोरडी जुळवणी केली. बायकोला दिवे बंद करायला सांगितले आणि पहिल्या बोळात टॉर्च सोडला. मधल्या बोळात पडद्याच्या, म्हणजे दोन पदरांमधल्या फळीच्या, कडेने वरपासून खालपर्यंत उजेडाची एक सरळ रेघ. दाराखालून येते तशी. दोन्ही पडदे अरुंद. आवाज एवढा वळसा कशाला घालेल, तो त्या फटीतूनच पलीकडे जाणार आणि २ मीटर ६९ची वाट कागदावर राहणार. बाकी कडा मात्र आरशासारख्या, कुठेही टवका नाही, काटकोन पक्का. म्हणून म्हणतो, मशीन उत्तम. पडदे पुन्हा कापून आणायला दुसऱ्या दिवशी गेलो. पैसे घेतले नाहीत, पण "तुमचंच माप चुकलं असेल" हे ऐकवलंच. या वेळी कापलेला पडदा तिथेच बाजूच्या फळीवर आडवा धरून बघितला, मगच खाली ठेवला.

जोडल्यावर रिकामा खोका सत्तावीस किलो भरला. दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर घरातच जोडा.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते भरावात, म्हणजे नको ते सूर शोषायला बोळात भरायच्या मऊ मालात. १९६५ साली बेली यांनी 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात हा प्रकार मांडला तेव्हा लांब धाग्याची लोकर वापरली होती. लोकर कुठून आणू? जुन्या गादीचा कापूस पिंजून घेतला आणि भरला. पहिले आठ दिवस मस्त. महिन्याभरात वाजणं पुन्हा पोकळ झालं, खोका उघडला तर कापूस खाली बसून त्याचा गोळा झालेला. मग उशीत भरतात तो रेक्रॉन आणला, चारशे ग्रॅम, बोटांनी सोडवून बंद टोकापासून बोळाच्या दोन तृतीयांशापर्यंत सैलसर भरला आणि जाळीने अडवला. तोंडाकडचा भाग रिकामा. तोंड मागच्या फळीत खाली आहे, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर लागतं.

१०० ओहमचा रेझिस्टर, मल्टिमीटर आणि मोबाइलवरचा टोन घेऊन इम्पिडन्स, म्हणजे ड्रायव्हरचा विजेला होणारा विरोध, एकेका सुराला मोजला. आलेखात दोन शिखरांच्या मधली दरी, म्हणजे बोळाचा खरा सूर, ३१ हर्ट्झवर आली. एक हर्ट्झ खाली का, तर तोंडाबाहेरची थोडी हवाही बोळाचाच भाग असल्यासारखी हलते, ती मी लांबीत धरलीच नव्हती.

वाजतो कसा? धमधम हवी असेल तर करू नका. गणपतीच्या मंडपातला ठोका यातून येत नाही. सिनेमात दूरवर विमान सुरू झालं की आधी खिडकीची काच कळवते, मग कान. पाच तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार, ३१ हर्ट्झची, तिथपर्यंत आवाज उतरतो आणि स्वर थांबला की थांबतो, मागे घुमत नाही. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा भरणा किंचित वाढतो, एवढंच. अभंगांसाठी एवढी खटपट नको. २५ हर्ट्झच्या खाली ॲम्प्लिफायरमध्ये फिल्टर लावाच, कारण तिथे बोळ कोनला, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या शंकूला, आधार देत नाही आणि तो नुसता आतबाहेर धापा टाकतो.

दुकानाला पाचपैकी साडेतीन. जाताना स्वतःचा टेप न्या, आणि एकच फळी कापून झाली की तिथेच मोजा. उरलेल्या तुकड्याचं मी ड्रायव्हरसाठी झाकण केलंय. नातू दीड वर्षाचा आहे आणि कोन बरोब्बर त्याच्या बोटाच्या उंचीवर आलाय.